मिनिटाला किती

उत्सयोकी, डिसेंबर. सूर्य आता जानेवारीतच.
शाळेत बिरेट पाणवेलीच्या कापल्या देठातून
सुटणारे बुडबुडे मोजते.
दिवा चाळीस सेंटिमीटरवर: मिनिटाला तीन.
विसावर अकरा. दहावर सव्वीस.
पाचावर –
सव्वीसच.
पुन्हा मोजते. सव्वीस.

"आता उणीव उजेडाची नाही," बाई म्हणतात,
"दुसरंच काही कमी पडतंय,"
आणि पाण्यात चिमूटभर सोडा सोडतात.
चौतीस.

घरी बाबा
डॉक्टरांनी दिलेल्या पांढऱ्या दिव्यासमोर,
कॉफी कधीची निवलेली.
बिरेट दिवा हलकेच पुढे सरकवते,
घड्याळाकडे बघत त्यांचे शब्द मोजते.
चार.
आणखी जवळ.
चारच.

मग ती स्वयंपाकघरात जाते
आणि एकेक डबा
उघडून बघत राहते.