तारीख लिहायची जागा

पाकीट आलं गॅसच्या बिलाबरोबर,
पिझ्झाच्या कूपनाखाली दबून.
आत करंगळीएवढी कुपी,
टोपणालाच काडी,
आणि पत्रक: करायचं की नाही, तुम्ही ठरवा.

मायक्रोवेव्हवर ठेवून दिलं.
एकवीस दिवस.
हडर्सफील्डच्या या चढावर
धुकंसुद्धा न विचारता घरात शिरतं,
आणि मला विचारतंय कोण, तर सरकार!
लग्न ठरलं तेव्हा मी प्रॅक्टिकलला होते.
सांगलीला गर्भाशय काढलं, सही यांनी केली.
इकडे यायचं ठरलं, ते मला
बॅगा आणल्यावर कळलं.

आपल्याकडे एकच शब्द: शी.
बाळानं केली की कौतुक,
पुढे जन्मभर नुसतं नाक मुरडणं.
दादा गेले, ते 'पोटाचं होतं' म्हणून गेले.
पोटाचं काय, कुणी विचारलं नाही.
सगळ्यांनी तेही पोटातच ठेवलं.

एका रविवारी, हे बागेत असताना,
दह्याचा रिकामा डबा घेतला.
काडी फिरवली. टोपण. टक्.
लेबलवर स्वतःच्या हातानं तारीख घातली.
लाल पेटीत टाकताना
मागे-पुढे पाहिलं,
जणू प्रेमपत्रच.

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र.
रक्ताचा अंश सापडलाय.
म्हणजे तेच असेल असं नाही, भेटायला या.

नर्सचं नाव ग्लेनिस.
ऋजुता माझ्या आधी उत्तरं देत होती,
सवयीनं, मायेनं, चांगल्या इंग्रजीत.
ग्लेनिसनं खुर्ची जराशी वळवली,
माझ्याकडे.
नळीनं आत बघतात, म्हणाली.
बहुतेकांना कॅन्सर नसतो.
कुणाला असतो, तो कधी वेळेवर सापडतो.
क्वचित आतड्याला इजाही होते.
नको म्हणालात तरी मी रागावणार नाही.

मला राग हवा होता.
रागावलं कुणी की बरं असतं,
ऐकून टाकता येतं.

शेवटचा उपाय म्हणून विचारलं:
तुझी आई असती तर?

ती थांबली.
माझी आई नको म्हणाली होती.

मग?

मग काय, तिनं ठरवलं होतं, म्हणाली,
आणि टिश्यूचा खोका सरळ केला,
जो सरळच होता.

ऋजुतानं माझा हात धरला.
मी तो सोडवून घेतला, हळूच,
पर्समधून चष्मा काढायला.

गुरुवार द्या, म्हटलं.
बुधवारी माझं विणकाम असतं.
आणि झोपेचं औषध नको.
तो पडदा असतो ना, टीव्हीसारखा,
तो माझ्याकडे वळवा.
एकसष्ट वर्षं पोटात ठेवलं सगळं,
एकदा बघू दे तरी
कुठे ठेवलं होतं.