चौदा दिवसांची चाचणी

मालक म्हणाले, दोन्हीतलं कुठलं घ्यायचं ते तूच सांग,
तू बी.कॉम. आहेस.
म्हणून कागदाच्या मधोमध रेघ ओढली.
डावीकडे पुण्याच्या मुलाचं सॉफ्टवेअर,
उजवीकडे बंगळूरच्या कंपनीचं.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्या दिवशी वीज नव्हती,
लूम गप्प, म्हणून दोघांचंही बोलणं ऐकू आलं.
एरवी आम्ही इथे एकमेकांचे ओठ वाचतो.

डावीकडचं म्हणतं, गिऱ्हाईक म्हणजे नरसाळं.
वरून नावं ओता, खालून ऑर्डरी.
कोण नुसता भाव विचारून गेला, कोणाला नमुना पाठवला,
दिवाळीआधी कोणाला फोन, सगळं रंगीत.
उजवीकडचं म्हणतं, गिऱ्हाईक म्हणजे तिकीट.
टॉवेलचा रंग गेला, तिकीट.
चादर वजनात कमी भरली, तिकीट.
चोवीस तासांत उत्तर नाही दिलं तर
थेट मालकांच्या मोबाइलवर घंटा.
हे मालकांना आवडलं नाही.
शिवाय व्हॉट्सअॅप जोडायचे वेगळे पैसे,
आणि आमचं तर सगळंच व्हॉट्सअॅपवर.

सीट किती लागतील, पुण्याच्या मुलाने विचारलं.
ऑफिसात खुर्च्या चार.
चौथी नरसय्या मामांची, तिच्यावर उशी,
उशीखाली चोपडी.

चोपडी रेघेच्या कुठल्याच बाजूला बसत नाही.
अक्षर तेलुगू. मला बोलता येतं, वाचता येत नाही,
म्हणून मामा वाचून दाखवतात:
गुलबर्गा, हिरेमठ. मुलीचं लग्न मोडलं, दोन महिने पैसे मागू नये.
नांदेड, सरदारजी. लांबी सहा इंच जास्त, केस पुसायला.
बार्शी, लोढा. भांडतो म्हणजे माल आवडला. गप्प बसला तर जाऊन यावं.

मामा, हे कुठल्या रकान्यात भरू?
रकाना कशाला, मी आहे की.

आहेत. पण मार्चमध्ये हुबळीचा माल होस्पेटला गेला.
आणि एका दुपारी एकाच माणसाला तीनदा फोन लावून
तीनदा विचारलं, आईची तब्येत कशी.
तिसऱ्यांदाही त्याने सांगितलं म्हणे, बरी आहे.

जुनी बिलं भरून झाली
आणि नवव्या दिवशी डावीकडे लाल ठिपका उमटला.
लोखंडे क्लॉथ, उदगीर. शेवटची ऑर्डर चारशे बारा दिवसांपूर्वी.
उजवीकडे पाहिलं: एकही तिकीट नाही, हिरवंगार, उत्तम गिऱ्हाईक.
जो भांडत नाही त्याचं तिकीट निघत नाही.
मामा पानं उलटत राहिले, मग बोट थांबलं.
"उदगीर. माझी चूक. जाऊन सांगायचं."
कसली चूक, आठवेना.

फोन मीच लावला. बाईने उचलला.
सोलापूर का? नरसय्या आहेत अजून?
देते, म्हटलं.
मामांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.
चुकलंच माझं, म्हणाले,
कशाबद्दल ते ठाऊक नसताना.
पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं.
एवढंच कळलं की दुकानात आता मोबाइल विकतात
आणि आमच्या पिवळ्या किनारीचा एक टॉवेल
काउंटर पुसायला अजून आहे.

रेघेखाली मी लिहिलं: डावीकडचं घ्यावं.
सीट तीन. वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत.
आता संध्याकाळी पाळी सुटली की मामा वाचतात, मी टाइप करते.
शेऱ्यात दोनशे पंचावन्न अक्षरं मावतात.
हिरेमठ मावले. नांदेडचे सहा इंच मावले.
उदगीरपाशी अडकलोय.
यादीत दोनच पर्याय: जिंकलं, गमावलं.
एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मामा चष्मा पुसत म्हणतात,
लिही ना, बोलणं झालं.