पूल गहाळ

पहाटेचे दोन. इंगर माकी खळ कालवते आहे,
कारण डिंकाची बाटली धाकट्याने शाळेत नेली ती नेलीच.
बाहेर डुलूथ, उणे बावीस.
सरोवर काठापासून आत दूरवर थिजलेलं,
खनिजाची जहाजं मार्चपर्यंत धक्क्याला बांधून घातलेली
दावणीच्या म्हशींसारखी.

बालरोग विभाग, असाइनमेंट चौथी :
एक रुग्ण, एक निदान, उद्दिष्टं तीन,
आणि सगळं मुलांच्या जगात बसवायचं.
मिसेस ओबर्ग चष्म्यावरून म्हणाल्या होत्या,
"कल्पकतेला दहा गुण."
विशीतल्या पोरींनी घटकेत वाटून घेतलं
सर्कस, डायनासोर, मधमाश्यांचं पोळं.
इंगरला एकच गोष्ट येत होती.
अकरा वर्षं तिनं धक्क्यावरच्या कँटीनमध्ये
खलाशांच्या ताटांत बटाटे वाढले होते.

म्हणून जहाज.
लांबुडकं, गंजाच्या रंगाचं, ओटसच्या खोक्यांचं.
भोंगा म्हणजे इनहेलर.
डेकवर बारीक अक्षरात : दर चार तासांनी छाती ऐकणे.
दीपगृहावर चौऱ्याण्णव,
त्याखाली ऑक्सिजन गेला तर दिवा लाल.
आणि पुढे उचलपूल, दोऱ्यावर, खरोखर वर जाणारा :
नळीत जेवढी जोरात फुंकर
तेवढा पूल वर.

काळजी घ्यायची आणि काळजी करायची,
शब्द तोच, क्रियापद फक्त वेगळं.
तक्त्यात घेण्यासाठी पाच रकाने आहेत.
करण्यासाठी एकही नाही.

सायलस, वय सात, खोली एकवीस.
तिसऱ्यांदा भरती. बरगड्यांमध्ये खड्डे पडताहेत श्वासागणिक.
त्याने जहाज उलटंपालटं करून पाहिलं,
मेकॅनिक पाहतो तसं, न हसता.
फुंकर मारली. पूल अर्धा गेला.
पुन्हा मारली. अर्ध्याच्या जरासा वर.
मग म्हणाला, "रात्री कोण चालवतं?"
"तूच. तू कॅप्टन."
"मी झोपलो की?"

त्याची आई बर्फ उपसण्याचा ट्रक चालवते,
संध्याकाळी सहा ते पहाट.
हे फाइलमध्ये होतं, 'कौटुंबिक माहिती'खाली,
रक्तगटाच्या शेजारी.

इंगरनं कात्री मागितली.
सुकाणूघराला एक खिडकी कापली,
आत पिवळ्या पेन्सिलीनं ठिपका.
नंतर पलंगच सरकवला, ब्रेक काढून,
काचेपाशी. साडेचारलाच अंधारलं होतं.
टेकडीच्या रस्त्यावर
सात चाळीसला आला तो,
लुकलुकत, बर्फ बाजूला लोटत.
"तोच कशावरून?"
"टेकडीचा रस्ता तुझ्या आईकडे आहे. विचारून घेतलंय मी."
तो पाहत राहिला, तोंड उघडं, काच धुरकट.
परत येताना आठ पाचला पुन्हा दिसला.
तिसऱ्यांदा आला तेव्हा पाहायला फक्त इंगर जागी होती.

घरी जाऊन तिनं उद्दिष्ट क्रमांक चार लिहिलं :
रात्री कोण जागं आहे हे रुग्णाला ठाऊक असेल.
मूल्यमापन : पिवळा दिवा, दोनदा. झोप, नऊच्या आत.

वही परत आली सोमवारी. ब्याऐंशी.
चौथ्या उद्दिष्टाखाली : हे मोजता येत नाही.
त्यावर काट मारलेली, त्याच शाईनं.
त्याखाली : मोजलंय खरं.
संदर्भसूची अपुरी, तीन गुण वजा.
खळीला वास येतो, पुढच्या वेळी डिंक वापरा.
आणि शेवटी, जहाजाच्या नाकापुढं
दोन दोरे नुसतेच लोंबत होते तिथं,
लाल बाण, त्याच्या टोकाला दोन शब्द :
पूल गहाळ.

इंगरनं कारण कळवलं नाही.
शुक्रवारी खोली एकवीस रिकामी झाली तेव्हा
लिफ्टपाशी एक बाई उभी होती, बूट मिठानं पांढरे,
एका हातात इनहेलरची पिशवी,
दुसऱ्या हाताला मुलगा,
आणि मुलाच्या कोटाच्या आत, छातीपाशी,
काहीतरी चौकोनी,
श्वासाबरोबर वर जाणारं.