जड पाणी

तळघराला खिडकी आहे, पण तिच्यातून
फक्त पाय दिसतात, आणि हडर्सफील्डचा पाऊस
पायांच्या मागे मागे चालत जातो.
सव्वासहा. ग्लेनिसने बर्फाचा ट्रे भरून ठेवलाय
माझ्याही वाटणीचा.

रात्रभर मशीनने सगळ्यांचं पाणी काढून घेतलंय:
सत्तर टक्के अल्कोहोल, मग नव्वद, मग निव्वळ,
मग झायलीन, मग वितळलेलं मेण.
एखादी गोष्ट आहे तशी राहावी
म्हणून एवढं करावं लागतं.

कॅसेटवर नंबर पेन्सिलने.
शाई विरघळते, शिसं नाही.
पहिल्या दिवशी हे सांगताना ग्लेनिसने
माझ्या खिशातलं चांगलं पेन काढून
ड्रॉवरमध्ये टाकलं. अजून तिथेच आहे.

चार मायक्रॉन.
मेणाची वडी पात्यासमोर अडून बसली, की ती म्हणते,
"जरा श्वास सोड तिच्यावर."
मी हाऽ करते, आरशावर करतात तसं,
आणि चाक फिरवते.
फीत उतरते, एकेक काप
पुढच्याचं शेपूट धरून.
कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपल्या आपण निघतात.
मग साईखाली चमचा घालावा
तशी खालून काच घालायची, तिरकी.
बोट लावायचं नाही.

ग्लेनिसची आई गिरणीत होती.
लोकरीचं कापड उत्तरेच्या उजेडाला धरून
बोटांनी गाठी शोधायची, सुईने सोडवायची,
धागा असा भरायची की
सूट घालणाऱ्याला जन्मात कळू नये.
"मीही तेच करत आले," ग्लेनिस म्हणते,
"सोडवणं तेवढं माझ्याकडे नाही."

मी तिला सांगितलं, आमच्यात
दोन्हीला एकच शब्द, दोऱ्यातलीही गाठ
आणि काखेत हाताला लागते तीही.
आणि रस्त्यात कुणी भेटलं तर पडते, तीही.
"मग तुम्हाला कळतं कसं, कुठली?"
सांगणाऱ्याच्या तोंडावरून, मी म्हटलं.

मग रात्रभर भरलेलं मेण
पुन्हा सगळं काढून टाकायचं.
(यावर ती दरवेळी हसते, तेहतीस वर्षं.)
मग रंग. कुठल्याशा झाडाच्या गाभ्यातला,
काचेवर येतो तो आधी आमसुलाच्या पाण्यासारखा.
पाण्यात धुतला की निळा व्हायचा. पण
इथलं पाणी मऊ, टेकडीवरच्या पीटमधून झिरपलेलं.
त्यात पेशी लाजल्यासारख्या तांबूसच राहतात.
म्हणून ग्लेनिस बरणीत पाणी घेऊन
त्यात चमचाभर खायचा सोडा ढवळते
आणि आणखी एक मीठ, कडू.

आटपाडीला आमच्या आडाचं पाणी जड.
बंबाला आतून पांढरं कवच धरायचं,
साबणाला फेस नाही, डाळ शिजेना.
आई चिमूटभर सोडा टाकायची
आणि आडाच्या सात पिढ्या उद्धरायची.
त्या पाण्यात ही काच नुसती बुडवली असती
तर मिनिटात निळी झाली असती, फुकट.
फोनवर आईला हे सांगितलं.
थोडा वेळ काही बोलली नाही. मग,
"मग डाळीचं काय?"

निळं झालं. आता गुलाबी, मग झाकणकाच.
मी एकदा भिंगाखाली धरते,
रंग बसला का एवढंच बघायला.
अर्थ लावणारे वरच्या मजल्यावर बसतात.
चरबी होती तिथे पांढरी भोकं उरलीत,
माणसं उठून गेलेल्या पंगतीसारखी.
त्यांच्या बाजूला दाट निळं काहीतरी,
फार दाट.
मी ग्लेनिसकडे बघते. ती बरणी विसळतेय.
माझ्या तोंडावरून तिला कळलंय.

शुक्रवार तिचा शेवटचा.
फीत उचलायचा बारीक ब्रश
तिने आजच माझ्या बाजूला सरकवून ठेवला.

वर खिडकीत दोन बूट थांबलेत,
ओले, दाराकडे तोंड करून.
आत येत नाहीत, जातही नाहीत.
मी ट्रे उचलते,
नंबर पुन्हा एकदा
मोठ्याने वाचते.