हातचा

पोर्ट टॅलबटची भट्टी विझली तेव्हा मी तिथे हिशेबनीस होतो.
हजारो पगारचिठ्ठ्या काढल्या,
चिठ्ठीमागचा चेहरा क्वचितच पाहिला.
आता या वृद्धाश्रमात शेहेचाळीस जणांचा पगार.
जिन्यावरच्या बुटांवरून सांगतो कोण येतंय.

नेरिस आली, रात्रपाळी उतरवून, सकाळी सव्वासातला,
अंगाला पावडरीचा आणि पातळ लापशीचा वास.
म्हणाली, ग्विलिम, सहा चिठ्ठ्यांवर शिक्का हवा,
आणि एक पत्र, की मी खरंच इथे राबते.
नवऱ्याला आणायचंय.

नवरा कुटाइसीत. पाव भाजतो.
मातीच्या खोल भट्टीत कमरेपर्यंत वाकून
कणकेची होडी आतल्या भिंतीला चिकटवतो,
कोपरापर्यंत हातावर एक केस उरलेला नाही.
फोटोत पाहिलं मी. नाव मालखाझ.
त्यातला झ उच्चारताना ती दमलेली असूनही हसते.

सरकारचं म्हणणं साधं आहे:
वर्षाला एकोणतीस हजार पौंड दाखवा, मग माणूस आणा.
सहा महिन्यांचे चौदा हजार पाचशे.
प्रेमाला पुरावे चालतात: तिकिटं, फोटो, अपरात्रीचे निरोप.
पैशाला फक्त पैसा चालतो.
आईने उसने देऊ केलेले चालत नाहीत.
शनिवारी शेजारणींचे केस कापून मिळालेल्या नोटा चालत नाहीत.
मालखाझचा पाव पहाटे अख्ख्या गल्लीला पुरतो,
तोही इथे चालत नाही.

मार्चपासून बेरीज मांडली, पेन्सिलीने,
शाळेत शिकवली तशी, हातचे वर बारीक लिहीत.
एका भट्टीचा हिशेब मिटवून
मी दुसऱ्या भट्टीचा मांडत होतो म्हणा.
चौदा हजार एकशे बारा.
पुन्हा केली.
आकडे माणसांसारखे नसतात,
दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच सांगतात.
तीनशे अठ्ठ्याऐंशी कमी.
तिच्या दराने एकतीस तास. तीन रात्री.

मार्चला काय झालं होतं गं, बारा दिवस बिनपगारी?
विचारलं, आणि तिथेच जीभ चावली.
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, लग्न.

खरं सांगतो, एकाचे पाच करायला कितीसा वेळ लागतो?
शंभराच्या घरात एक शेपटी, एक रेघ, झालं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा पेन्सिल तिथवर गेली.
पण बँकेचं पान माझं ऐकत नाही,
आणि पकडली ती गेली असती, मी नाही.

म्हणालो, महिनाभर थांब.
मार्च सोडून देऊ. एप्रिल ते सप्टेंबर धरू.
मार्च नसला की तू बसतेस.

बराच वेळ ती बोलली नाही.
वर कोणीतरी घंटी वाजवत होतं, तिची पाळी संपलेली.
मग म्हणाली,
म्हणजे लग्नाचा महिना वगळला, की नवरा मिळतो.

यावर कुठला शिक्का मारायचा?
मी म्हणालो, बेरजेत हातचा असतो ना,
घरात मावत नाही म्हणून बाहेर काढलेला,
उत्तरात कुठेच दिसत नाही
आणि विसरला तर सगळं उत्तर चुकतं.
बोलून गेलो. नंतर वाटलं, हिशेबनिसाने
इतकं बोलू नये.

तिने मार्चची चिठ्ठी उचलली,
चार घड्या घालून गणवेशाच्या खिशात ठेवली,
उलट्या टांगलेल्या घड्याळाच्या मागे.
बाकीच्या पाच माझ्याकडे राहू दे म्हणाली.
कुटाइसीत साडेदहा वाजत आले होते,
पहिला पाव संपून भट्टी निवत असेल, फोन उचलेल तो.
जाताना दारात थांबून विचारलं,
सप्टेंबर तीसचा की एकतीसचा?

तीसचा, मी म्हणालो.
आणि ती गेल्यावर पाळ्यांच्या तक्त्यापाशी जाऊन
रविवारच्या रिकाम्या चौकोनात, पुसता येईल असं,
तिचं नाव लिहिलं.