मुकादमाची साखर

सकाळी पावणेसहाला
मूठभर तांदूळ तव्यावर गरम करते,
जुन्या पायमोज्यात भरते, गाठ मारते
आणि ती ऊब त्याच्या डाव्या कानाला लावून धरते.
काल उजवा होता.

मुकादम हे नाव झाडूवाल्या सखाहरीने दिलेलं.
कन्नमवार नगरातल्या आमच्या जिन्याखाली बसून
हा त्याच्या झाडूवर नजर ठेवायचा,
काम संपेपर्यंत हलायचा नाही.
आता माझ्यावर ठेवतो.

मागून टॉर्च धरला की कान
पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा तांबूस होतो,
कडेने एक शीर, दोऱ्याएवढी.
तिच्या शेजारी टोचायचं, तिच्यात नाही.
घाटकोपरच्या डॉक्टरबाईंनी दाखवलं तेव्हा
माझेच हात कापत होते,
त्याचा कान नाही.

राईएवढा थेंब.
पट्टी त्याला ओठ लावते.
पाच, चार, तीन –
तीनशे अठ्ठ्याऐंशी.
दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर, त्याच चौकोनात:
अर्धा लिटर. ३८८. दीड युनिट.
वर छापलंय, एकादशी.
मुकादमाला उपास नाही.
आधी खाणं, मग सुई.

छेडा केमिस्टकडे पहिल्यांदा सिरिंजा मागितल्या,
तर म्हणाला, पेशंटचं नाव?
मुकादम.
वय?
अकरा.
तो गप्प झाला. मग म्हणाला, फारच लहान आहे हो, मावशी,
आणि दहा टक्के सोडले.
मी अजून त्याला खरं सांगितलेलं नाही.

समोरच्या दळवीबाई म्हणतात,
चार घरचं दूध पिणाऱ्याला कुठली आली साखर!
काय सांगणार.
पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं व्हायला लागलं,
खिडकीतून उतरताना मागचे पाय टाचांवर टेकायला लागले,
हे मी एकटीनेच पाहिलं होतं.
एकदा पाहिलं की मग सुटका नसते.

परवा रात्री दोनला
पलंगाखाली डुलत होता, झिंगल्यासारखा,
मला न ओळखता.
थेंब: बेचाळीस.
मध बोटावर, बोट हिरडीवर.
देवाचं नावसुद्धा सुचलं नाही,
नुसतं, हजेरी दे रे मुकादम, हजेरी दे.
पंधरा मिनिटांनी पंचावन्न. पुन्हा मध.
पुन्हा फरशीवर बसून भिंतीवरचं घड्याळ.
एकोणऐंशीला त्याने हजेरी दिली:
कचकन माझ्या बोटाला चावला.

रक्त आलं.
पुढची पट्टी यंत्रात लावून ठेवलेलीच होती,
तीस रुपयांची, वाया कशाला घालवा.
पाच, चार, तीन –
दोनशे एकाहत्तर.

बोटाला मध होता, म्हटलं,
त्याचंच असेल.
तो पुढचे पाय जुळवून बसला,
थेट जिन्याखाली बसायचा तसा,
आणि बघत राहिला.

परवाच्या चौकोनात रात्रीचे चार आकडे आहेत.
चौथ्यापुढे मी
कुणाचं नाव लिहिलेलं नाही.