तीन मीटरची टेप

रॉटरडॅमहून मेल आला:
अठ्ठावीस नंबरचा कुर्ता दंडात आवळतो.
छाती ठीक, उंची ठीक,
पण बाईनं हात वर केला की
अख्खा कुर्ताच वर सरकतो.
आणि खाली, ठळक अक्षरांत:
बाराशे नग, नाहीतर एकही नाही.

उदगीरला नळेगाव रस्त्यावरची
ही शेड आधी डाळमिल होती.
अजून पंखा लावला की कुठूनतरी
तुरीची टरफलं उडतात,
आणि नेमकी पांढऱ्या कापडावर बसतात.

मुनीरभाईंनी चाळीस वर्षं ब्लाउज बेतले.
ते म्हणाले, "उसमें क्या है बेटा,
चारों बाजू दो-दो सूत छोड देंगे."
मीही आधी तेच केलं होतं,
बारीक बाई फुगवून
कागदावर जाड बाई काढली होती.

अंग तसं वाढत नाही.
खांदा जवळजवळ तिथंच राहतो,
पोट पुढं जातं,
दंड आपल्या मनाचा,
आणि पाठ?
पाठीला कुणी विचारतच नाही.

पुतळा मागवावा तर सत्तर हजार.
चनबसशेठनी कपाळाला हात लावला.
मग मेसच्या प्रयागबाईंना विचारलं, भीत भीतच.
त्यांनी पिठाचे हात धुतले, पदर खोचला.
"मोज की. पर टेप पुरंल का?"

नाही पुरली.
दीडशेवर संपली, चार बोटं अलीकडंच.
"हितंच हसायचा आमच्या गावचा शिंपी," त्या म्हणाल्या.
"कापड माजं, शिलाई माजी,
आन् हसू त्याचं."
मुनीरभाई टेबलाखाली
उगीच खडू शोधू लागले.

तीन मीटरची टेप बुधवारी आली, पुण्याहून.
शनिवारपर्यंत प्रयागबाई
पाच नमुन्यांत शिरल्या, बाहेर आल्या.
फळीवरचा डबा काढा. वाका. मांडी घाला.
भाकरी थापताना दिसलं,
दंडाचा दोषच नव्हता:
काखेतली कळी उथळ होती,
पाठ अर्धा इंच मागत होती
कधीची.

आज बाराशे नग खोक्यांत.
न्हावाशेव्याची गाडी रात्री दहाला.
कापड जरा जास्त लागतं, भाव त्याहून जास्त मिळतो.
चनबसशेठ खूश:
"जग भरत चाललंय मॅडम,
आपण शिवत राहायचं."

चहाच्या वेळी प्रयागबाईंनी विचारलं,
"तिकडल्या बाया लई थोराड असत्यात?"
"असतात काही. पण तिथं
दुकानच त्यांना विचारतं, काय आवडतं म्हणून."
त्यांनी बशीतला चहा संपवला.
मग नापास ढिगातून
चौथा नमुना ओढून काढला, निळा.
"हे नेऊ का?
दंडात आवळतंय,
पर खिसा हाय."